खदानीवरची दीड फेरी

आधीच सांगून टाकते, त्या दिवशी मी देवीला निघाले ती भक्तीनं निघाले नव्हते. माझी भक्ती दोन वर्षांपूर्वीच आटली होती. आमचे मालक तेव्हा दवाखान्यात होते, छातीत पाणी झालेलं, आणि मी तिथल्या पायरीवर बसून म्हैसमाळच्या गिरजाईला बोलले होते की बाई, यांना चालत घरी आण, मी तुझ्या डोंगरावर येईन, हिरवं लुगडं नेसवीन, माझ्या हातानं तुझी ओटी भरीन. मालक घरी आले, पण चालत नाही आले. त्यानंतर देवापुढं दिवा मी लावत होते, नाही असं नाही. घरचे काय म्हणतील म्हणून लावायचे. काडी ओढायची, वात पेटवायची, की पाठ फिरवायची. तिच्या तोंडाकडं बघायची नाही. घरातल्या थोरल्या बाईशी अबोला धरावा तसा मी तिच्याशी अबोला धरला होता, आणि खरं सांगू का, आतून वाट बघत होते की आधी तीच बोलेल.

आमचं घर करमाडला. शेजारी धाकट्या दिराचं घर, आणि त्याची बायको कुसुम ही माझी धाकटी जाऊ. चाळीस वर्षं आम्ही दोघींनी एका अंगणात काढली. पापड-कुरडया एकत्र, बाळंतपणं एकत्र, भांडणंही एकत्रच. मालकांच्या तेराव्याला पाहुणे उठून गेले आणि ही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "जाऊबाई, ते देवीचं तेवढं करून टाकू. बोललेलं ठिवू नाय." माझ्या अंगाचा भडका उडाला. माझा माणूस गेला आणि हिला लुगड्याची पडली. ज्या देवीनं दिलं नाही तिला मी द्यायचं कशाचं? आणि त्यात आणखी एक काटा होता. आमच्याकडं देवीची ओटी भरायची ती सवाष्णीनं. म्हणजे नवस माझा, लुगडं माझं, आणि हात लागणार तिचा, कारण कुंकू तिचं जागेवर होतं. तिनं हे तोंडानं म्हटलं नव्हतं, पण मला ते ऐकू आलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरती बोलायला लागले. नळ आला का, दूध आलं का, संपलं.

ती मात्र मागं लागायची सोडीना. सहा महिन्यांनी म्हणाली, वर्षश्राद्धाला म्हणाली, मी कानावर येऊ दिलं नाही. शेवटी यंदाच्या श्रावणात तिनं संतोषला पुढं केलं. संतोष तिचा थोरला, शेंद्र्याच्या कंपनीत कामाला आहे, दोन लेकरांचा बाप, आणि नुकतीच गाडी घेतलेली. तो येऊन म्हणाला, "मोठ्याई, देवाचं सोड. नुसती डोंगर बघायला चल. वर गेल्यावर वाटलं तर उतर, नाय तर गाडीत बस." माझ्या मांडीवर वाढलेलं पोर ते, त्याला नाही म्हणता येईना. लुगडं कुसुमनंच आणलं होतं. मी विचारलंही नाही कुठून आणलं.

शुक्रवारी सकाळी निघालो. संतोष गाडी चालवत होता, आम्ही दोघी मागं. कुसुमनं ओटीची पिशवी मांडीवर धरली होती, ती काही केल्या खाली ठेवीना. शहर मागं पडलं, दौलताबादचा घाट आला, तरी पिशवी मांडीवरच. मी म्हटलं, "ठेव की खाली, देवी काय पळून चालली नाय." तर म्हणाली, "तुमी खिडकीतून बघा वो, माझ्या मांडीकडं कशाला बघता." संतोष पुढं हसला. हसू मलाही आलं होतं, पण मी ते खिडकीकडं वळवलं.

खुलताबाद ओलांडून म्हैसमाळचा रस्ता चढायला लागला आणि ढग खाली आले. श्रावणात तिकडं ढग डोक्यावर नसतात, अंगावर असतात. रस्त्याच्या दोन्ही कडेला तेरडा गुलाबी फुललेला, मधूनच एखादी पाण्याची धार डोंगरावरून लोंबत असलेली, आणि धुकं सरकलं की दरी अशी हिरवीगार उघडायची की माणसानं बोलणं विसरावं. आणि त्याच हिरव्यात जागोजागी डोंगराचे लचके तोडलेले. जुन्या खदानी त्या. उभे काळे कडे, तळाशी साचलेलं हिरवं पाणी, वर गवत. आता कोणी दगड काढत नाही तिथं, पण मला त्या परक्या नव्हत्या. माझं माहेर त्याच डोंगराच्या पायथ्याचं. बहात्तरच्या दुष्काळात मी सोळा वर्षांची असेन, लग्न व्हायचं होतं, तेव्हा त्या खदानीवर आम्ही बायका खडी फोडायला जायचो. पुरुष सुरुंग लावायचे, आम्ही लांब जाऊन कानात बोटं घालून बसायचो, आणि धूळ बसली की हातोड्या घेऊन परत यायचो. दुपारी सरकारची सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाची, ती ओच्यात घेऊन खायची. हा जो रस्ता आहे ना, ज्यावर आता शहरातली पोरं फोटो काढतात, त्याच्या पोटात आमच्या हातची खडी आहे.

तर हे सगळं आठवलं आणि माझं तोंड सुटलं. दोन वर्षांत बोलले नसेन एवढं त्या अर्ध्या तासात बोलले. इथं मुकादम बसायचा, इथं पाण्याची टाकी होती, इथं माझ्या बोटाचं नख गेलं. कुसुम ऐकत होती. तिला बरं वाटलं असावं, मी बोलते आहे म्हणून. पण माझं ते बोलणं चांगल्यापणाचं नव्हतं. तुला यातलं काही माहीत नाही, हा डोंगर माझा आहे, देवीसुद्धा आधी माझी आहे, असं मला तिला दाखवायचं होतं.

एका वळणावर तो दगड दिसला. छातीएवढा उभा काळा दगड, शेंदूर फासलेला. खदानीवरच्या लोकांचा म्हसोबा. आमच्या वेळी कामाला हात लावायच्या आधी सगळ्यांनी त्याला पाच फेऱ्या घालायच्या, असा रिवाज होता. फेरी न घालता कोणी घण उचलला तर मुकादम शिव्या द्यायचा. इतक्या वर्षांनीही तो दगड तसाच उभा होता. मी संतोषला गाडी थांबवायला लावली. पण उतरले नाही. देवाशी अबोला होता ना माझा. काच खाली केली आणि बसून राहिले.

कुसुम म्हणाली, "मी येते पाया पडून. तुमच्या वाटचं बी पडते." पिशवी घेऊनच उतरली. संतोष पुढची काच पुसत उभा राहिला. तिनं दगडापुढं डोकं टेकलं, हळदीकुंकू वाहिलं आणि परत फिरली. मी काचेतून म्हटलं, "एवढ्यात झालं व्हय? आम्ही पाच फेऱ्या घालायचो. लई देवभोळी ना तू, घाल मग." तिनं पदर खोचला आणि दगडाच्या उजव्या अंगानं धुक्यात शिरली. जरा वेळानं डाव्या अंगानं बाहेर आली. तिथंच थांबून म्हणाली, "जाऊबाई, मागं जागा नाय वो फारशी. दगडाला धरून आले मी."

यावर मी जे बोलले ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. मी म्हटलं, "मला सांगती व्हय? मागं बैलगाडी वळंल एवढी जागा हाय. तिथंच बसून खडी फोडलीय मी. अजून चार राहिल्यात, घाल गुमान." आणि हाताची चार बोटं दाखवली.

ती पुन्हा मागं गेली. आणि पलीकडून आलीच नाही.

आधी मला वाटलं, मुद्दाम थांबली असेल, रागानं. मग आवाज आला. सुपातून जोंधळे ओतावेत तसा खडी घसरल्याचा आवाज, बराच वेळ चाललेला, आणि त्याच्या शेवटी खूप खोलवर पाण्यात दगड पडल्याचा. तिचा आवाज नाही. किंकाळी नाही, हाक नाही. दगड तसाच उभा होता, त्यावर तिनं लावलेलं ओलं कुंकू तसंच होतं, आणि बाजूला कोणी नव्हतं.

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. माणसाला भीती वाटते, रडू येतं, तसलं काही आलं नाही. हातपाय कोणा दुसरीचे असावेत तसे झाले. गाडीचं दार उघडायचं कसं तेच सुचेना. आणि त्या बधीरपणात एकच गोष्ट लख्ख आठवली. मालक गेल्यानंतर महिन्याभरानं, एका दुपारी, घरात कोणी नसताना, मी देवीच्या फोटोपुढं उभी राहून मोठ्यानं म्हणाले होते, "माझा नेलास, आता तिलाही कळू दे." कुसुमचं नाव घेऊन म्हणाले होते. तिचा नवरा संध्याकाळी ओट्यावर बसून तिच्याशी हसत होता, तेवढाच काय तो तिचा गुन्हा. बोलून गेले आणि पुढं विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं. आता ते शब्द माझ्या कानाशी परत आले, आणि मी देवीला म्हटलं, बाई, मी यांच्यासाठी रडले ते तू ऐकलं नाहीस, आणि हे ऐकलंस?

संतोष फडकं टाकून धावला. तेव्हा कुठं माझे पाय माझे झाले. मी गाडीतून अक्षरशः पडले आणि पळत जाऊन त्याचा शर्ट मागून धरला. साठी कधीच ओलांडलेली बाई मी, पण असा धरला की बटणं तुटली. तो ओरडत होता, "सोड मोठ्याई, आई हाय माझी." मी सोडलं नाही. त्याला धरून दगडाच्या कडेनं वाकून बघितलं. मागं दोन हात जमीन होती. त्यापुढं काहीच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं, भांड्यात दूध भरल्यासारखं. जिथं आम्ही बसायचो, जिथं बायका झोळ्या बांधून लेकरं निजवायच्या, ती जमीनच गेली होती. माझ्या लग्नानंतर कधीतरी खदान त्या दगडापर्यंत येऊन पोचली होती, आणि मी पन्नास वर्षांपूर्वीची जमीन दाखवून तिला पाठवलं होतं.

आम्ही हाका मारल्या. कडा आमच्याच हाका परत देत होता. संतोषच्या फोनला रेंज नव्हती. तो पुन्हा पुन्हा पुढं झेपावत होता. आणि मग खालून, धुक्याच्या तळातून, एका पुरुषाचा आवाज आला. "ऊपरवाले, आगे मत आव. औरत बीच के टप्पे पे अटकेली है. हिल रही है. मेरेकू दिख रही है."

मी दगडाला धरून तशीच खाली बसले.

तो माणूस खाली पाण्याच्या कडेला गळ घेऊन बसला होता. तिथून त्याला जे दिसत होतं ते आम्हाला वरून दिसत नव्हतं. दोन माणसांच्या उंचीएवढं खाली कड्याला एक अरुंद टप्पा होता, खदान काढताना सोडलेला. त्यावर घाणेरीची झुडपं माजली होती आणि कुसुम त्यात अडकून पडली होती. त्यानं संतोषला सांगितलं, गाडी घेऊन मागं फिर, पडक्या क्रशरपाशी डावीकडं जुना ट्रॅक्टरचा रस्ता आहे, तो खदानीच्या तळाला येतो, तिथून आपण दोघं वर चढू. संतोष माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, जा. तो गेला. मग त्या माणसानं मला हाक मारली. "अम्मा, तुम उधरीच बैठो. उनसे बात करते रहो. वो आँख मूँद रहे. सोने मत दो. करवट ली तो गये."

आता बघा, मी बोलकी बाई. लग्नात, बारशात, बसमध्ये, कुठंही बसवा, माझं तोंड बंद नसतं. आणि तेव्हा मला एक शब्द सुचेना. समोर धुकं, खाली ती, दिसत नाही, उत्तर देत नाही. मी म्हटलं, कुसुम. पुन्हा म्हटलं, कुसुम. मग म्हटलं, हलू नको, संतोष येतोय. मग संपलं माझं बोलणं. खालून तो माणूस चढता चढता ओरडला, "बोलो अम्मा, बंद मत करो." तेव्हा मी जे होतं ते बोलायला लागले. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडं. देवीपुढं काय म्हणाले होते ते सांगितलं. तिचा नवरा हसला की मला कसं होतं ते सांगितलं. ओटीला तिचा हात लागणार म्हणून दोन वर्षं नवस अडवून धरला ते सांगितलं. फेऱ्या घालायला लावल्या त्या भक्तीनं नाही, जिरवायला लावल्या, तेही सांगितलं. मोठमोठ्यानं, त्या मोकळ्या डोंगरात, गळा फाटेपर्यंत. आणि मध्येमध्ये तिचं नाव.

देवीला मात्र मी तेव्हा काही बोलले नाही. तिला द्यायला माझ्याकडं आता काही उरलं नव्हतं. एकदा लुगडं बोलून झालं होतं, त्याचं काय झालं ते बघितलं होतं. दुसरं कोणत्या तोंडानं बोलू? "धर तिला", एवढंच आलं आतून. अमुक केलंस तर तमुक देईन, असं नाही. नुसतं, धर. सवालही नाही आणि सौदाही नाही. इतक्या वर्षांच्या देवपूजेत मी असं रिकाम्या हातानं कधी मागितलं नव्हतं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. संतोष म्हणतो पाऊण तास. खालून दोघांचे आवाज आले, दगड घरंगळल्याचे आवाज आले, मग कुसुमच्या कण्हण्याचा आवाज आला, आणि तो ऐकून मी इतकी रडले की मला माझं बोलणं चालू ठेवता आलं नाही. त्यांनी तिचा पाय गळाच्या काठीला रुमालानं बांधला, टप्प्याच्या कडेनं सुरुंगवाल्यांची जुनी वाट होती, त्या वाटेनं तिला पाठुंगळी घेऊन खाली उतरवली, आणि गाडी वळसा घालून वर आली. मागच्या सीटवर तिला आडवी निजवली होती. मी आत शिरून तिचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडावर खरचटलेलं, केसांत घाणेरीची पानं, ओठ पांढरे. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "जाऊबाई, दीडच झाली वो."

मला हसावं का रडावं कळेना. मी म्हटलं, "पुरे झाली. म्हसोबा पावला तेवढ्यात."

तो माणूस पुढं बसून खुलताबादपर्यंत आमच्यासोबत आला, दवाखान्याचा रस्ता दाखवायला. पन्नाशीचा असेल, दाढी अर्धी पिकलेली. याकूबभाई नाव. पंक्चरचं दुकान आहे त्याचं. शुक्रवारी अर्धा दिवस बंद ठेवतो, नमाजाला जायच्या आधी खदानीच्या पाण्यात गळ टाकून बसतो. त्या दिवशी धुकं उतरलं, मासा लागेना, म्हणून तो केव्हाच उठला होता. दोरी गुंडाळायला लागला तर गळ तळाच्या कपारीत अटकला. तोडून निघून जावं असं त्याच्या मनात आलं, पण गळ नवा होता, म्हणून सोडवत बसला. तेवढ्यात वरून खडी पाण्यात पडली आणि त्यानं मान वर केली. त्यानं हे सगळं असं सांगितलं, जसं कोणी बस उशिरा आली म्हणून सांगावं. मी त्याला त्या दगडाचं विचारलं. तो म्हणाला, त्याचे वडील त्याच खदानीवर सुरुंगाची भोकं पाडायचे. "पहले पीछे बहुत जगह थी अम्मा. फिर मशीन आयी, सब खा गयी. अब इधर के लोगां सामनेसेच हाथ जोडते." मी वर बसून जे बोलले ते त्यानं सगळं ऐकलं असणार. पण उतरताना नजर खाली ठेवून एवढंच म्हणाला, "तुमारी आवाज पे टिकी वो. आवाज अच्छी है तुमारी."

तो गळ कोणी धरून ठेवला होता? मी कोणाशी वाद घालत नाही. संतोष म्हणतो कपार होती. असेल. मी आपलं जे झालं ते सांगते.

खुबा मोडला होता, दोन बरगड्या गेल्या होत्या. शहरात आणून तिच्या खुब्यात पट्टी घातली. तीन महिने ती अंथरुणावर, मग वॉकरवर, आता काठी घेऊन अंगणभर फिरते आणि सगळ्यांना कामं सांगते. देवीला आम्ही दिवाळीनंतर गेलो, स्वच्छ ऊन होतं, ढगाचा टिपूस नव्हता. वाटेत त्या दगडाला समोरून हात जोडले. आता त्याच्यामागं काटेरी तारेचं कुंपण आहे, संतोषनं आणि याकूबभाईनं मिळून घातलेलं. वर देवळात कुसुमनं नव्यानं आणलेलं लुगडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, भरा. मी म्हटलं, अगं माझ्या हातानं कशी? तर म्हणाली, बोलणाऱ्याचे हात लागतात, बाकीच्यांचं मी बघून घेते. गुरवानं ताट पुढं सरकवलं. मी ओटी भरली. मागितलं काहीच नाही, आणि मागायचं राहिलं असंही वाटलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, दवाखान्यातलं. तिसरा की चौथा दिवस असेल. दुपारची वेळ, तिचा नवरा जेवायला गेला होता. मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. ती मध्येच म्हणाली, "जाऊबाई, तुमी वरून लई बोलत होत्या तवा. काय बोलत होत्या?" मी तिला म्हटलं, तुला ऐकू नाही आलं? ती म्हणाली, कानात नुसतं घों घों होत होतं, शब्द एक कळला नाही. आवाज तेवढा येत होता. आवाज थांबला की डोळे मिटायचे, आला की उघडायचे.

म्हणजे मी सगळं बोलून मोकळी झाले असं समजत होते, आणि माझं बोलणं जिला पोचायला पाहिजे होतं तिला पोचलंच नव्हतं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कोणाला कळणार होतं? घरात सगळे म्हणत होते धुक्यात पाय घसरला. संतोषनं माझी चार बोटं बघितली होती, पण त्यानं आजवर कोणाला सांगितलं नाही. मी पेजेची वाटी खाली ठेवली. आणि डोंगरावर ओरडून सांगितलेलं तिथं हळू आवाजात सांगायला लागले. ओरडून सांगणं सोपं होतं हो. समोर तोंड बघून सांगताना जीभ जड झाली. तरी सांगितलं. देवीपुढं तिचं नाव घेऊन काय बोलले होते ते शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि मान खाली घालून बसले. मला वाटलं, आता ही तोंड फिरवील. फिरवावंच तिनं.

ती म्हणाली, "ते माहीत हाय मला. त्या दुपारी मी तुमच्याकडं विरजण मागायला आले व्हते. दारातच व्हते मी."

 दोन वर्षं. दोन वर्षं हिनं ते पोटात ठेवलं, माझ्याकडून रोज तुटक बोलणं ऐकून घेतलं, आणि तरी डोंगरावर चला म्हणून मागं लागली. मी कसंबसं विचारलं, "मग मला देवीकडं कशाला नेत होतीस?"

"तुमी रागात बोलला व्हतात," ती म्हणाली. "मला भ्या वाटायचं, माझं काय हुईल म्हणून नाय, तुमी तसंच घेऊन बसाल म्हणून. तिच्याम्होरं एकदा गेल्या असत्या, तर आपोआप सुटलं असतं. मी तेवढंच धरून चालले व्हते."

मी तिच्या पायाशी, पलंगाच्या लोखंडी दांडीला डोकं टेकून बसले. ती म्हणाली, पेज गार व्हाया लागली. मी उठून वाटी घेतली आणि उरलेली पेज तिला भरवली.  नर्स आली, सलाईन बघून गेली.

लोक म्हणतात देवीनं कुसुमला धरलं. मीही तेच म्हणते, आणि रोज तिचे उपकार मानते, याकूबभाईचे मानते, त्या घाणेरीच्या झुडपांचेही मानते. पण माझ्या मनात येतं की देवीनं मला त्याच्या कितीतरी आधी धरलं होतं, त्या दुपारी, दारात विरजणाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या हातानं. आणि मी पाठ करून उभी होते. कोण धरतंय, कुठून धरतंय, ते आपल्याला दिसत नाही. ते बघायचा हट्ट मी आता सोडला आहे. सकाळी दिवा लावते तेव्हा समोर उभी राहते, तोंडाकडं बघते. मागत काही नाही. घरातल्या सगळ्यांची नावं घेते, एकेकाचं, सावकाश. पहिलं कुसुमचं घेते.